पहिला नंबर, साठ लाख आणि ‘पारंपरिक’: लेड झेपेलिनचा तिसरा अल्बम

आज एका इंग्लिश रॉक बँडच्या एका अल्बमविषयी बोलायचं आहे. बँडचं नाव लेड झेपेलिन, अल्बमचं नाव ‘लेड झेपेलिन ३’, साल १९७०. परभणीत बसून यावर तासभर बोलायचं म्हणजे काहींना वाटेल, यांना दुसरं काही सुचलं नाही का. पण या अल्बमचा एक धागा मुंबईपर्यंत येतो, आणि त्यातला एक प्रश्न तर थेट आपल्या जात्यापर्यंत येतो. तिथपर्यंत जायला जरा वेळ लागेल.

सुरुवात आकड्यांपासून करू, कारण व्यापारी यशाचा विषय निघाला की आधी आकडेच पुढं केले जातात. हा अल्बम अमेरिकेत ५ ऑक्टोबर १९७० ला आला. येण्याआधीच दुकानदारांची मागणी दहा लाखांच्या घरात गेली होती. महिन्याभरात तो बिलबोर्डच्या यादीत पहिल्या नंबरवर गेला आणि चार आठवडे तिथं राहिला. इंग्लंडमध्येही पहिला नंबर. पुढच्या वर्षी नोव्हेंबर १९७१ मध्ये याच मंडळींचा चौथा अल्बम आला. तो अमेरिकेत दुसऱ्या नंबरपर्यंत पोचला आणि तिथंच अडकला, पहिला कधीच झाला नाही. आता आजचा हिशोब बघा. अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना खपाची प्रमाणपत्रं देते. त्या हिशोबानं तिसरा अल्बम ६० लाख आणि चौथा २ कोटी ४० लाख. म्हणजे जो पहिला आला त्याच्या चौपट तो खपला, जो पहिला आलाच नाही.

यात चूक कुठंच नाही. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. आठवड्याची यादी म्हणजे एका रात्रीत कोसळलेला पाऊस, आणि एकूण खप म्हणजे झड. आपल्याकडं शेतकऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. एका रात्रीत चार इंच पडला तर पेपरात बातमी येते, पण जमिनीत मुरतो तो झडीचा. आणखी एक, ही प्रमाणपत्रं बराच काळ गिऱ्हाइकानं घरी नेलेल्या प्रतींवर नव्हे, तर दुकानांकडं रवाना झालेल्या प्रतींवर मिळत होती, आणि त्यासाठी कंपनीला स्वतः अर्ज करून तपासणी करून घ्यावी लागते. त्यामुळं ‘प्लॅटिनम’ हा शब्द ऐकला की लगेच हात जोडायचं कारण नाही.

तरीही १९७० च्या शेवटी एक गोष्ट सगळ्यांना दिसली. तिसरा अल्बम जितक्या वेगानं वर गेला तितक्याच वेगानं खाली आला. आधीचा दुसरा अल्बम, ऑक्टोबर १९६९ चा, त्यानं बीटल्सच्या ‘अ‍ॅबी रोड’ला पहिल्या नंबरवरून हलवलं होतं आणि तो बराच काळ यादीत टिकला होता. तिसऱ्याचं तसं झालं नाही. समीक्षक गोंधळले, काही नाराज झाले. मग बोललं जाऊ लागलं की बँडचा जोर संपला. हा अल्बम ‘फसला’ असं जे आजही अधूनमधून ऐकू येतं, ते त्या दोन-तीन महिन्यांचं मत आहे.

का झालं असं? त्यासाठी हे लोक कोण आणि काय वाजवत होते, ते थोडक्यात बघू. १९६८ साली चौघं एकत्र आले: गिटारवर जिमी पेज, गायक रॉबर्ट प्लांट, बेस आणि कीबोर्डवर जॉन पॉल जोन्स, ड्रम्सवर जॉन बोनहॅम. पेज आणि जोन्स लंडनच्या स्टुडिओंत दुसऱ्यांच्या गाण्यांवर रोजंदारीवर वाजवत वर आलेले. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल. चौघांचं संगीत उभं होतं ते ब्लूजवर. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा ब्लूज घ्यायचा, तो विजेच्या गिटारवर चढवायचा, आवाज दहापट करायचा, त्याला ब्लूज रॉक म्हणतात. पहिले दोन अल्बम जवळजवळ या एकाच रसायनावर चालले.

आता ब्लूज म्हणजे काय, हे इथं पुस्तकी व्याख्येनं सांगण्यापेक्षा दुसऱ्या वाटेनं सांगतो. मिसिसिपी नदीच्या काठची काळी, सपाट जमीन, तिच्यावर कापूस, कापूस वेचणारे भूमिहीन लोक आणि सावकाराची वही. या मातीत ते गाणं वाढलं. मानवतच्या कापूस बाजारात उभ्या असलेल्या माणसाला या चित्रातलं काय परकं वाटेल? १८६१ ते १८६५ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि इकडं वऱ्हाड-खानदेशातल्या कापसाला सोन्याचा भाव आला, हा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे त्या जमिनीचा आणि या जमिनीचा हिशोब एकाच बाजारात लागत होता.

ब्लूजच्या कडव्याची घडण साधी असते. एक ओळ गायची, तीच ओळ परत गायची, आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर द्यायचं. जात्यावरच्या ओवीतही पहिली ओळ परत येते, ‘गं बाई’सारखे शब्द मध्ये घालून, आणि मग दुसरी ओळ पडते. दोन्हीकडं कारण बहुधा एकच असावं. ओळ परत म्हणताना पुढची सुचायला वेळ मिळतो, आणि हात कामात असतो तो थांबत नाही. दोन्ही एकच आहेत असं आम्ही म्हणत नाही. ओवीत लेकीबाळींचं, माहेराचं, विठ्ठलाचं मोठं राज्य आहे, ते ब्लूजमध्ये नाही. आणि ब्लूजमध्ये जी उघडी थट्टा आणि वासना आहे ती ओवी तशी बोलत नाही. पण गंगाखेडच्या जनाबाईचं जातं ज्यांना माहीत आहे, त्यांना बारा ‘बार’च्या आवर्तनांचा ब्लूज परका वाटू नये, एवढंच.

तर १९७० च्या वसंतात पेज आणि प्लांट दौऱ्यांना कंटाळून वेल्समधल्या एका जुन्या घरात जाऊन राहिले. ब्रॉन-यर-ऑर त्याचं नाव. तिथं वीज नाही, नळ नाही. वीज नाही म्हणजे विजेची गिटारही नाही. साध्या लाकडी गिटारवर गाणी सुचू लागली. (अल्बमवर त्या घराचं नाव चुकीच्या स्पेलिंगनं छापलं गेलं, ‘यर’चं ‘वाय’ झालं. नावांच्या बाबतीत हा अल्बम पहिल्यापासून जरा सैल आहे, ते पुढं दिसेल.) त्या घरात आणि नंतर जे जमलं त्यातून अल्बमची दुसरी बाजू जवळजवळ पूर्ण लाकडी गिटारची झाली.

पहिली बाजू मात्र सुरू होते ‘इमिग्रंट साँग’नं. आइसलँडच्या दौऱ्यानंतर केलेलं, समुद्री लुटारूंवरचं, धडाधड पळणारं गाणं. अमेरिकेत ते सिंगल म्हणून निघालं आणि १६ व्या नंबरपर्यंत गेलं. तुमच्यातल्या तरुणांनी ते २०१७ च्या ‘थॉर: रॅग्नारॉक’ सिनेमात ऐकलं असेल. या गाण्यानं लोकांची फसगत केली असं आम्हाला वाटतं. रेडिओवर ते ऐकून गिऱ्हाईक दुकानात गेलं, त्याला वाटलं दुसऱ्या अल्बमचाच पुढचा भाग आहे. घरी आणून लावलं तर दुसऱ्या गाण्यापासूनच पाणी बदललेलं.

ते दुसरं गाणं म्हणजे ‘फ्रेंड्स’. आमच्या मते अल्बममधलं सगळ्यात सुरेल गाणं ते नाही; सगळ्यात सुरेल म्हणाल तर ‘दॅट्स द वे’. सगळ्यात जोरकस गायकी ‘सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू’ची, संथ लयीतला तो ब्लूज इतका भरलेला आहे की प्लांटच्या आवाजाची सगळी ताकद आणि सगळा नाटकीपणा एकदमच कळतो. पण ‘फ्रेंड्स’ हे सगळ्यात महत्त्वाचं गाणं. पेजनं गिटारच्या तारा नेहमीसारख्या न लावता एका स्वराभोवती जुळवल्या, म्हणजे आपल्या तंबोऱ्यासारखा षड्ज सतत घुमत राहतो. त्यावर तीव्र मध्यम लागतो. हा मध्यम लागला की पाश्चात्त्य कानाला गाणं ‘पूर्वेकडचं’ वाटू लागतं, आणि आपल्याला वाटतं, अरे, हा स्वर आपल्या ओळखीचा. जॉन पॉल जोन्सनं तंतुवाद्यांची साथ लिहिली. ती हार्मनीचा आधार देत नाही, तर सुरांना खेटून वरखाली सरकते. बोनहॅमचा नेहमीचा दणका नाही, हातानं वाजवलेला ठेका आहे.

हे आकाशातून पडलेलं नव्हतं. १९६९ च्या पहिल्याच अल्बममध्ये ‘ब्लॅक माउंटन साइड’ या लाकडी गिटारच्या तुकड्यावर विरम जसानी यांचा तबला आहे. म्हणजे ज्यांनी १९७० मध्ये ‘हे काय नवीनच’ म्हणून कपाळाला हात लावला, त्यांनी पहिला अल्बम नीट ऐकलेला नव्हता. त्या वेळी अशी टीका झाली की हे लोक क्रॉस्बी, स्टिल्स आणि नॅश यांची नक्कल करू लागले. पेजला ती लागली. पुढं बराच काळ त्यानं पत्रकारांना जवळ येऊ दिलं नाही.

आता खपाचं बघा. दहा लाखांची आगाऊ मागणी कशाची होती? ‘लेड झेपेलिन ३’ची नव्हती, कारण तो अजून कुणी ऐकलेलाच नव्हता. ती मागणी दुसऱ्या अल्बमची होती. पहिला नंबरही खरं तर दुसऱ्या अल्बमला मिळाला, फक्त तिसऱ्याच्या नावावर जमा झाला. आणि नंतर झालेली घसरण म्हणजे ‘हा दुसरा नाही’ एवढंच सांगणारी तक्रार. पहिल्या महिन्यांचा खप हा मागच्या कामाची थकबाकी असतो, या कामाचा भाव तेव्हा अजून ठरलेलाच नसतो. आपल्याकडं मराठी सिनेमात, पुस्तकांत, अगदी कीर्तनकारांच्या बाबतीतही हे दिसतं. पहिल्या दिवशीची गर्दी मागच्या वर्षीच्या कीर्तनाची असते.

वेष्टनाचंही सांगायला हवं. झॅक्रॉन या चित्रकारानं एक फिरती चकती घातली होती. कव्हरला भोकं, आत चकती, ती फिरवली की भोकांतून वेगवेगळी चित्रं दिसतात. बऱ्यापैकी खर्चिक खेळणं. आम्हाला ते अल्बमच्या स्वभावाशी विसंगत वाटतं. वीज नसलेल्या घरात जन्मलेल्या गाण्यांवर जत्रेतली भिंगरी लावल्यासारखं.

चौथ्या अल्बमवर या सगळ्याचं उत्तर दिसतं. त्यावर बँडचं नाव नाही, अल्बमचं नाव नाही, काहीच नाही. कंपनीला हे मान्य नव्हतं, पण बँड हटला नाही. म्हणणं असं की नावाचा बोभाटा बाजूला ठेवा, गाणी ऐका. आणि गाणी कशी होती? अर्धी लाकडी गिटारची, अर्धी विजेची. ‘स्टेअरवे टू हेवन’ तर एकाच गाण्यात लाकडी गिटारपासून सुरू होऊन विजेपर्यंत जातं. म्हणजे तिसऱ्यात दोन बाजूंना वेगळ्या ठेवलेल्या गोष्टी चौथ्यात एकजीव झाल्या. ‘स्टेअरवे’ अमेरिकेत सिंगल म्हणून विकायला काढलंच नाही. ज्याला ते हवं त्यानं अख्खा अल्बम घ्यायचा. एफएम रेडिओनं ते वर्षानुवर्षं वाजवलं. त्या २ कोटी ४० लाखांत ‘फसलेल्या’ अल्बमचा वाटा किती, हे कोणत्याच प्रमाणपत्रावर लिहिलेलं नसतं. आमच्या मते तो बराच आहे.

इथं आपण मुंबईला येऊ.

१९७२ साली पेज आणि प्लांट मुंबईत आले. बोनहॅम आणि जोन्स बरोबर नव्हते. कुलाब्यातल्या ‘स्लिप डिस्क’ नावाच्या छोट्या डिस्कोत ते दोघं वाजवून गेले, ही गोष्ट मुंबईतले जुने रॉकवाले अजून रंगवून सांगतात आणि दर वेळी तीत थोडी भर पडते. आपल्या कामाची गोष्ट ती नाही. त्यांनी मुंबईत स्थानिक वादकांना एकत्र करून दोन गाणी नव्यानं ध्वनिमुद्रित केली. एक तिसऱ्या अल्बममधलं ‘फ्रेंड्स’, दुसरं चौथ्यामधलं ‘फोर स्टिक्स’.

निवड बघा. बाजारानं ज्या अल्बमला नाक मुरडलं होतं त्यातलंच गाणं घेऊन हा माणूस पुन्हा बसला, तेही ‘स्टेअरवे’ हातात आलेलं असताना. ‘फ्रेंड्स’मध्ये जो सूर त्यानं लंडनमध्ये कल्पनेनं लावला होता, तो ज्यांच्या घरचा आहे त्यांच्याकडून ऐकायचा होता. ‘फोर स्टिक्स’ची अडचण वेगळी. ते गाणं पाच आणि सहा मात्रांच्या गटांत मागंपुढं होतं. पाच मात्रा आपल्या वादकाला अवघड नाहीत, झपताल वाजवणाऱ्याला तर मुळीच नाहीत. पण आपला ताल एकदा घेतला की आवर्तन ठरलेलं, सम ठरलेली. इथं आवर्तनच मधे बदलतं, आणि ते केव्हा बदलायचं ते गाण्याच्या रचनेवरून ठरतं, समेवरून नव्हे. दोन्हीकडं मोजणी पक्की, फक्त मोजायचा आधार वेगळा. ही गोष्ट एका-दोन दिवसांत स्टुडिओत जुळवणं सोपं नसणार, आणि ते ऐकताना जाणवतं. काही जागी वादक सावधपणे पाय टाकतात. आम्हाला तो सावधपणा आवडतो. पुढं १९९४ साली पेज-प्लांटनी ‘नो क्वार्टर’मध्ये हीच दोन्ही गाणी इजिप्तच्या आणि मोरोक्कोच्या वादकांच्या संगतीतल्या कार्यक्रमात परत घेतली. तिथं सगळं घोटीव आहे, खर्च दिसतो, आणि तो अल्बम अमेरिकेत चौथ्या नंबरपर्यंत गेलाही. पण मुंबईच्या फितीत एक कुतूहल आहे, दोन्ही बाजूंचं, ते तिथं नाही.

ही मुंबईची फीत बाजारात आली २०१५ साली, ‘कोडा’ या अल्बमच्या वाढीव आवृत्तीत. म्हणजे ४३ वर्षांनी. तोवर चोरट्या नकलांतून ती शौकिनांच्या हातात फिरत होती. आणि २०१५ ला ती आली तेव्हा गाण्यांच्या यादीत त्या वादकांची ओळख काय? ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’.

ऑर्केस्ट्रा म्हटलं की एक संस्था डोळ्यापुढं येते. पण मुंबईत त्या काळी असे प्रसंग कसे जमायचे, ते ग्रेग बूथ यांच्या ‘बिहाइंड द कर्टन’ या २००८ च्या पुस्तकात वाचावं. सिनेमाच्या स्टुडिओंत रोजच्या पाळीवर वाजवणारे शेकडो वादक. गोव्याचे, महाराष्ट्रातले, उत्तरेकडून आलेले. सकाळी एका सिनेमाचं, दुपारी दुसऱ्याचं, आणि तबकडीवर यांच्यापैकी कुणाचंच नाव नाही. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं, त्यांचं नाव देशभर कसं झालं? त्यांनी वाजवलेल्या शेकडो गाण्यांवरून नाही. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये शिष्यानं गुरूचं नाव एका विनोदी गाण्यात घातलं म्हणून. आणि मघाशी सांगितलं ते आठवा: स्वतः पेज लंडनमध्ये असाच बेनाव वादक होता. त्याला हे दुखणं ठाऊक असणार, असं वाटतं.

ठाऊक होतं का? इथं तिसऱ्या अल्बमकडं परत जाऊ, शेवटच्या गाण्याकडं. नाव आहे ‘हॅट्स ऑफ टू (रॉय) हार्पर’. रॉय हार्पर हा त्यांचा मित्र, इंग्लिश गायक, त्याला सलाम. पण गाणं ऐकलं तर ते बुक्का व्हाइट या ब्लूज गायकाच्या ‘शेक एम ऑन डाउन’वर उभं आहे. व्हाइटनं ते १९३७ साली ध्वनिमुद्रित केलं होतं. १९७० साली तो हयात होता, नुसता हयात नाही तर १९६३ नंतर लोकांनी त्याला पुन्हा शोधून काढलं होतं आणि तो युरोपात येऊन गाऊन गेला होता. अल्बमवर या गाण्याचा कर्ता कोण लिहिलाय? ‘पारंपरिक’, आणि जुळवणी ‘चार्ल्स ऑब्स्क्युअर’. हे ऑब्स्क्युअर म्हणजे पेजनंच घेतलेलं टोपणनाव. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ अप्रसिद्ध, अंधारातला. विनोद चांगला आहे, फक्त अंधारात राहिला तो दुसराच माणूस.

याच अल्बमवर ‘गॅलोज पोल’ नावाचं गाणं आहे, तेही ‘पारंपरिक’ म्हणून दिलंय. तिथं ते रास्त आहे. फाशीच्या खांबापाशी उभा माणूस आणि त्याला सोडवायला येणारे नातेवाईक, ही कथा कित्येक पिढ्या युरोपात गायली जाते, तिचा एक कर्ता सांगता येणार नाही. म्हणजे एकाच तबकडीवर एक ‘पारंपरिक’ खरा आणि एक खोटा. शब्द तोच. आम्हाला या अल्बमची सगळ्यात मोठी कमजोरी विचाराल तर ती हीच, दुसऱ्या बाजूचा लाकडी आवाज नव्हे. शिवाय हे गाणं संगीत म्हणूनही अल्बममधलं सगळ्यात कच्चं आहे. थरथरता आवाज, घसरती गिटार, आणि आत काही नाही. ज्याचं आहे त्याचं नाव काढून घेतलं की गाण्यातून काय निघून जातं, ते इथं कानाला कळतं.

बँडचं हे एकच प्रकरण नव्हे. दुसऱ्या अल्बममधलं ‘होल लॉटा लव्ह’ विली डिक्सनच्या गाण्यावरून घेतलेलं. डिक्सननं १९८५ ला दावा लावला, दोन वर्षांनी तडजोड झाली, तेव्हा कुठं नाव लागलं. पण चौथ्या अल्बममध्ये बघा. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’, १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरावरचं गाणं, १९२९ ला मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय यांनी ध्वनिमुद्रित केलेलं. तिथं कर्त्यांच्या यादीत पहिल्यापासून मेम्फिस मिनीचं नाव आहे. मॅकॉयचं नाही, म्हणजे निम्मा न्याय. पण निम्मा तरी झाला, आणि ते गाणं त्या अल्बमचा कळस आहे. एका वर्षात त्यांना अक्कल आली म्हणावं, तर मग दुसऱ्या गाण्यांची नावं पुढं कोर्टातून का लागावीत? आमच्याकडं याचं सरळ उत्तर नाही. त्यांना सोयीचं होतं तेव्हा त्यांनी नाव लावलं, असंच दिसतं.

आता हा ‘पारंपरिक’ शब्द आपल्याला नवा नाही. आपल्या लोकगीतांच्या तबकड्या काढा, कॅसेटी काढा, यूट्यूबवरची वर्णनं वाचा. गीत पारंपरिक, संगीत पारंपरिक. काही ठिकाणी ते खरं असतं. काही ठिकाणी कुणा एका शाहिराचं, कुणा एका बाईचं गाणं असतं आणि ‘पारंपरिक’ लिहिलं की तिला विचारायची, दोन पैसे द्यायची गरज संपते. १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली तेव्हा मराठवाड्यात भीमगीतं, उरुसातल्या कव्वाल्या, भारुडं यांचा केवढा बाजार उभा राहिला. परभणीत फेब्रुवारीत भरणाऱ्या तुराबुल हक यांच्या उरुसात, बसस्थानकाबाहेर, हातगाडीवर या कॅसेटी विकल्या गेल्या. प्रल्हाद शिंदेंचा आवाज कोणत्या गावात पोचला नाही? पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या ‘कॅसेट कल्चर’ या पुस्तकात उत्तर भारतातल्या अशा बाजाराचा अभ्यास केला आहे. तोच प्रकार इकडं. हातगाडीवरची ती विक्री कोणत्या यादीत गेली? कुठल्याच नाही. लेड झेपेलिनचा प्रत्येक खोका मोजला गेला; आपल्या गायकांचा खप हातगाडीवाल्याच्या खिशात मोजला गेला. त्यामुळं ‘आपल्याकडं असलं संगीत खपत नाही’ असं कुणी म्हणालं की आम्ही विचारतो, मोजलं कुणी होतं?

उलट बाजूचं एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. लाखाहून जास्त ओव्या झाल्या, आणि आता त्या पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर आहेत. तिथं ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्या आवाजातल्या ओव्या ऐकायला मिळतात. ओवीच्या बरोबर गाणारीचं नाव आहे, गाव आहे. ओव्या परंपरेच्याच आहेत, ‘पारंपरिक’ लिहिलं असतं तरी कुणी भांडलं नसतं. तरी नाव लिहिलं. बुक्का व्हाइटला एका जगप्रसिद्ध बँडकडून जे मिळालं नाही ते ताडकळसच्या बाईंना मिळालं. आपल्या कृषी विद्यापीठानं देशी कापसाच्या एका वाणाला ‘परभणी तुराब’ नाव दिलं, तेही आम्हाला म्हणूनच आवडतं. वाणाला नाव देता येतं, मग वेचणाऱ्याच्या गाण्याला का नको?

तर मग तिसऱ्या अल्बमचं काय करायचं? तो फसला, हे मत आम्हाला मान्य नाही. फसली ती बाजाराची आगाऊ पावती. त्यातली सहा-सात गाणी आजही ताजी आहेत, ‘फ्रेंड्स’नं त्यांना मुंबईची वाट दाखवली, आणि पुढच्या अल्बमचा अर्धा पाया याच्यात आहे. पण तो निर्दोष आहे असंही नाही. त्याच्या शेवटच्या गाण्यावरचा एक शब्द खोटा आहे आणि तो खोटेपणा आजवरच्या ६० लाख प्रतींवर छापला गेलाय. खपाचा आकडा वाढला की छापलेली चूकही तितकीच वाढते, हे कुणी हिशोबात धरत नाही.

इथं जमलेल्यांपैकी बरेच जण गावातल्या भजनी मंडळांचं, शाहिरांचं, हलगीवाल्यांचं मोबाइलवर रेकॉर्डिंग करून टाकतात, हे आम्हाला माहीत आहे. त्यांच्याशी नंतर वेगळं बोलायचंय: खाली काय लिहिता, ढोलकी कुणाची, झील कुणाची, हे विचारता का. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीला आणि कलाकाराच्या हक्काला आधीपेक्षा बळ आलंय, पण नावच लिहिलेलं नसेल तर तो हक्क मागायचा कुणी?

आता गाणी ऐकू. आधी १९७० चं ‘फ्रेंड्स’. शेवटी एक घुमणारा इलेक्ट्रॉनिक आवाज पुढच्या गाण्यात शिरतो. पुढच्या गाण्याची सुरुवात स्टुडिओत चुकून पुसली गेली होती, ती झाकायला तो घातलाय. मग लगेच मुंबईचं ‘फ्रेंड्स’ लावू. त्यात प्लांटच्या आवाजाकडं थोडं दुर्लक्ष करा, तो तुम्हाला कुठंही ऐकायला मिळेल. मागं तंतुवाद्यं आणि तबला काय करतायत तिकडं कान द्या. पहिल्या वेळी वादक जरा मागं राहतात, नंतर गाण्याला धरतात. ती जागा सापडली की हात वर करा, आपण तिथून पुन्हा लावू.